ओढ्याकांठचा पोटखराबा आणि वाढती उष्णता

जमिनीच्या उताऱ्यांत लागवडीच्या क्षेत्राखालीं 'पोटखराबा' या नांवाचा एक रकाना असतो. खडक, खांचखळगे, नाला, ओढ्याचा कांठ, अशी जी जागा नांगराखालीं येत नाहीं ती या रकान्यांत मांडली जाते, आणि तिच्यावर सरकार आकार लावीत नाहीं. महसुलाच्या दप्तरांत काम करीत असतां हा रकाना आम्हीं किती वेळां लिहिला असेल याची गणतीच नाहीं. ज्यावर आकार नाहीं त्याची किंमतही नाहीं, अशी समजूत यामुळें शेतकरीवर्गांत दृढ झाली आहे. जमिनीचे तुकडे जसजसे लहान होत चालले तसतसा ओढ्याकांठचा पट्टा साफ करून, झाडोरा तोडून, थेट पाण्याच्या कडेपर्यंत नांगर नेण्याकडे प्रवृत्ति वाढत आहे.

हवामान उष्ण होत असतां असें करणें शेतकऱ्याच्या हिताचें नाहीं, आणि ज्या पट्ट्याला आपण खराबा म्हणतों त्याची गरज उष्णतेबरोबर वाढत जाणार आहे, हें दाखविण्याचा या लेखाचा उद्देश आहे. त्यासाठीं प्रथम ओढा व जमीन यांच्यामध्यें कोणती देवघेव चालते तें समजून घेऊं. नंतर उष्णतेनें त्या देवघेवींत काय बिघाड होतो तें पाहूं. आणि शेवटीं शेतकऱ्यानें काय करावें याचा विचार करूं.

१. जमीन पाण्यास काय देते

पाणी देतें आणि जमीन घेते, असें आपण सामान्यतः समजतों. लहान ओढ्यांच्या बाबतींत हें अर्धेंच खरें आहे. झाडांच्या दाट सांवलींतून वाहणाऱ्या ओढ्यांत ऊन फारसें पोंचत नाहीं. म्हणून त्यांत शेवाळ व पाणवनस्पति बेताच्याच वाढतात. मग त्यांतील जीव कशावर जगतात? त्यांचें मोठें अन्न म्हणजे कांठावरून पडणारा पालापाचोळा. करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज यांचें पान पाण्यांत पडलें म्हणजे तें प्रथम भिजतें, त्यांतील विरघळणारा अंश निघून जातो, आणि नंतर त्यावर सूक्ष्म बुरशी व जंतु वाढतात. बुरशीनें मऊ व पौष्टिक झालेलें हें पान खेकडे, झिंगे आणि पाण्यांतील अळ्या कुरतडून खातात. ओढ्यांतला दगड उलटून पाहिला तर काड्या व वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीसारख्या घरांत राहणारी एक अळी कित्येकदां दिसते. तिच्या कुळांतील पुष्कळ जाती पाल्यावरच पोसतात. अळ्यांवर मासे जगतात, आणि माशांवर खंड्या व बगळे.

अमेरिकेंतील उत्तर कॅरोलिना संस्थानांत कोवीटा येथील डोंगराळ जंगलांत वॉलेस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एका लहान ओढ्यावर जाळें पसरून तीन वर्षें पाला पाण्यांत पडूं दिला नाहीं. त्या प्रयोगाची हकीकत १९९७ सालीं प्रसिद्ध झाली. पाला बंद होतांच ओढ्याच्या तळाशीं राहणाऱ्या बहुतेक कीटकांचें प्रमाण घटलें, आणि त्यांच्यावर जगणारे शिकारी कीटकही घटले. पाणी होतें तितकेंच होतें. परंतु जमिनीकडून येणारें अन्न थांबल्याबरोबर ओढा उपाशी पडला.

पाल्याखेरीज झाडाझुडपांवरचे किडेही पाण्यांत पडतात. नाकतोडे, मुंग्या, सुरवंट वाऱ्यानें किंवा पावसानें खालीं येतात आणि मासे ते टिपतात. जपानच्या होक्काइडो बेटावरील होरोनाई ओढ्यावर नाकानो व मुराकामी या शास्त्रज्ञांनीं हा हिशेब फार काळजीपूर्वक मांडला, व तो २००१ सालीं प्रसिद्ध केला. त्या ओढ्यांतील माशांच्या वर्षाच्या आहारापैकीं सुमारें ४४ टक्के भाग जमिनीवरून पडलेल्या किड्यांचा होता. म्हणजे जवळजवळ निम्मा मासा कांठच्या झाडांनीं पोसला होता, असें म्हटलें तरी चालेल.

२. पाणी जमिनीस काय परत देतें

आतां दुसरी बाजू पाहूं. पुष्कळ कीटकांचें बालपण तेवढें पाण्यांत जातें. पंख फुटले कीं ते पाणी सोडून हवेंत येतात आणि कांठावरच्या गवतांत व झाडांत विसावतात. त्यांतील थोडे अंडीं घालण्यासाठीं पाण्याकडे परत जातात. बाकीचे कोळ्याच्या जाळ्यांत, पाकोळीच्या चोंचींत, वटवाघुळाच्या तोंडांत आणि सरड्याच्या पोटांत जातात. जमिनीनें पाण्यास जें दिलें त्याचा हा परतावा होय. होरोनाईच्या त्याच अभ्यासांत कांठच्या जंगलांतील पक्ष्यांच्या वार्षिक आहारापैकीं सुमारें २६ टक्के भाग पाण्यांतून निघालेल्या कीटकांचा भरला.

या देवघेवींत वेळेला फार महत्त्व आहे. होरोनाईच्या कांठीं झाडें जेव्हां निष्पर्ण असतात आणि जमिनीवर किडे मिळत नाहींत, तेव्हां पाण्यांतील कीटक मोठ्या संख्येनें बाहेर येऊन पक्ष्यांना तगवितात. उलट ऐन उन्हाळ्यांत पाण्यांतील कीटक कमी झाले म्हणजे झाडांवरून पडणारे किडे माशांना तगवितात. एकाची टंचाई असते तेव्हां दुसऱ्याची सुगी असते. ही वेळ चुकली तर दोन्ही बाजूंना उपास घडतो.

आपल्याकडे हाच व्यवहार चतुर आणि बेडूक यांच्याद्वारें सहज पाहतां येतो. पावसाळ्यांत व त्याच्या अखेरीस शेतांवर थव्यानें घिरट्या घालणारा पिवळसर चतुर सर्वांच्या परिचयाचा आहे. तो पावसाच्या पाण्याच्या डबक्यांत अंडीं घालतो. त्याची अळी डबक्यांतच डांसांच्या अळ्या व इतर बारीक जीव खाऊन सुमारें दीड महिन्यांत वाढते, आणि पंख फुटलेला चतुर शेतावर येऊन डांस, माश्या व बारीक पतंग पकडतो. बेडकाचेंही तसेंच आहे. त्याचीं पिलें पाण्यांत वाढतात, आणि मोठा झालेला बेडूक रात्रीं शेतांतून फिरून किडे खातो. १९८७ सालीं भारत सरकारनें बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली, तिच्यामागें बेडूक नाहींसे झाल्यास शेतांतील कीड वाढेल ही चिंता होती. कोंकणांत व घाटमाथ्यावर पहिल्या पुराबरोबर नदींतील मासे ओढ्यांतून थेट भातखाचरांत चढतात व तेथें अंडीं घालतात. त्यांना 'चढणीचे मासे' म्हणतात. त्यांच्यापुरतें बोलावयाचें तर ओढा आणि शेत हें एकच घर आहे.

या संबंधाची पोंच किती लांबवर असते याचें एक नवलाचें उदाहरण अमेरिकेंतील फ्लोरिडा संस्थानांत आढळलें. नाइट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००५ सालीं असें दाखविलें कीं, ज्या तळ्यांत मासे आहेत तेथें मासे चतुरांच्या अळ्या खातात, म्हणून भोंवतालीं चतुर कमी असतात. चतुर कमी म्हणून फुलांवर येणाऱ्या माश्या व मधमाशा अधिक येतात. आणि त्यामुळें तळ्याकांठच्या झुडपांच्या फुलांना पराग अधिक मिळतो. पाण्यांतील माशाचा परिणाम कांठावरच्या फुलापर्यंत पोंचला. यावरून हेंही ध्यानांत येईल कीं चतुर हा केवळ मित्र किंवा केवळ शत्रु नाहीं. तो डांस खातो तशी मधमाशीही खातो. आमचें सांगणें इतकेंच कीं पाण्यांत जें घडतें त्याचा जमाखर्च जमिनीवर उमटल्यावांचून राहत नाहीं.

३. उष्णतेनें काय बिघडतें

केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयानें २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें १९०१ ते २०१८ या काळांत भारताचें सरासरी तापमान सुमारें ०.७ अंश सेंटिग्रेडनें वाढलें. एक अंशही नसलेली ही वाढ पाहून कोणास ती क्षुल्लक वाटेल. परंतु ओढ्याच्या जमाखर्चांत ती पांच वाटांनीं शिरते. त्या वाटा एकेक करून पाहूं.

पहिली वाट प्राणवायूची. पाण्यांतील जीव पाण्यांत विरघळलेल्या प्राणवायूवर श्वास घेतात. पाणी जितकें थंड तितका त्यांत प्राणवायु अधिक मावतो. समुद्रसपाटीला एक लिटर गोड्या पाण्यांत २० अंशांला सुमारें ९.१ मिलिग्रॅम प्राणवायु राहतो, तर ३० अंशांला सुमारें ७.६ मिलिग्रॅमच राहतो. दुसरीकडे मासे, खेकडे, अळ्या यांच्या शरीराचा व्यापार उष्णतेबरोबर जलद होतो. दहा अंश वाढ झाली तर त्यांची प्राणवायूची गरज साधारणपणें दुपटीजवळ जाते. म्हणजे उत्पन्न घटतें तेव्हांच खर्च वाढतो. चैत्र-वैशाखांत उघड्या पडलेल्या उथळ डबक्यांत मासे तोंड वर काढून तडफडतांना दिसतात, त्याचें एक मोठें कारण हेंच होय.

दुसरी वाट पाल्याची. पाण्यांत पडलेल्या पानाचे वांटेकरी दोन: एक बुरशी व जंतु, आणि दुसरे कुरतडणारे प्राणी. बोयेरो व अनेक देशांतील त्यांच्या सहकाऱ्यांनीं जगाच्या निरनिराळ्या भागांतील ओढ्यांत एकाच प्रकारचीं पानें ठेवून २०११ सालीं असें दाखविलें कीं, पाणी जितकें उष्ण तितका जंतूंचा वांटा वाढतो आणि प्राण्यांचा घटतो. पान कुजण्याचा एकंदर वेग फारसा बदलत नाहीं. परंतु जंतूंनीं खाल्लेल्या पानाचा मोठा भाग कर्बवायु होऊन हवेंत उडून जातो. प्राण्यांनीं खाल्लें असतें तर त्यांतील कांहीं भाग खेकड्याच्या, माशाच्या व पंख फुटलेल्या कीटकाच्या रूपानें परत मिळाला असता. पाला तेवढाच पडूनही परतावा कमी येतो.

तिसरी वाट वेळेची. जर्मनींतील ब्राइटेनबाख नांवाच्या एका ओढ्यावर १९६९ ते २०१० अशीं ४२ वर्षें पाण्यांतून बाहेर पडणाऱ्या कीटकांची गणना झाली. तो ओढा संरक्षित प्रदेशांत आहे. त्या अवधींत पाण्याचें तापमान सुमारें १.९ अंशांनीं वाढलें. २०२० सालीं बारानोव व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या नोंदींचा जो निष्कर्ष प्रसिद्ध केला त्याप्रमाणें कीटकांची एकंदर संख्या ८० टक्क्यांहून अधिक घटली, आणि ते बाहेर पडण्याचा ऐन भर सुमारें १३ दिवस अगोदर येऊं लागला. जातींची संख्या मात्र घटली नाहीं. म्हणजे वरवर पाहणाऱ्यास ओढा पूर्वींसारखाच वाटला असता. जो पक्षी आपलीं पिलें त्याच सुमारास वाढवितो त्याला तेरा दिवसांचा फरक म्हणजे केवढी आपत्ति आहे, हें पेरणीची वापसा चुकल्याचें दुःख जाणणाऱ्या शेतकऱ्यास सांगावयास नको.

चौथी वाट पावसाची. हवा एक अंशानें तापली कीं ती सुमारें ७ टक्के अधिक बाष्प धरूं शकते. म्हणून पडतो तेव्हां पाऊस जोरानें पडतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेंतील रॉक्सी कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१७ सालीं दाखविलें कीं, १९५० ते २०१५ या काळांत मध्य भारताच्या पट्ट्यांत विस्तृत प्रदेशावर एकदम होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारें तिपटीनें वाढल्या. अशा पावसानें ओढा एका रात्रींत कांठ फोडतो, तळाचा पाला व त्यांतले जीव वाहून नेतो आणि शेताची माती घेऊन जातो. पुढें खंड पडला कीं डबकीं आटूं लागतात. चतुराच्या अळीला दीड महिना पाणी हवें असतें. बेडकाच्या पिलांनाही पाय फुटेपर्यंत पाणी हवेंच. उष्ण पाण्यांत पिलें लवकर वाढतात हें खरें, परंतु डबकेंही लवकर आटतें. या शर्यतींत डबकें आधीं आटलें तर त्या वर्षाची पिढी तेथेंच संपते.

पांचवी वाट शेवाळाची, आणि तिचा उगम आपल्याच शेतांत आहे. पावसाबरोबर वाहून जाणारें खत पाण्यांत गेलें कीं शेवाळ माजतें. निळें-हिरवें शेवाळ म्हणून जी जात आहे ती साधारणपणें २५ अंशांपुढील पाण्यांत विशेष जोमानें वाढते; म्हणून तेंच खत थंड पाण्यापेक्षां उष्ण पाण्यांत अधिक अपाय करतें. असें शेवाळ दिवसां प्राणवायु सोडतें, पण रात्रीं तो ओढून घेतें, आणि मेल्यावर कुजतांना उरलासुरलाही संपवितें. त्यांतील कांहीं जाती विषारी असतात. ऑस्ट्रेलियांतील अलेक्झांड्रिना सरोवराचें असें पाणी पिऊन जनावरें मेल्याची हकीकत जॉर्ज फ्रान्सिस यांनीं १८७८ सालींच प्रसिद्ध केली होती. ज्या ओढ्यावर गुरें पाणी पितात त्याच्या मालकांनीं ही गोष्ट विसरूं नये.

४. एक शंका

हीं उदाहरणें बहुतेक परदेशांतील थंड मुलखांतलीं आहेत. आमचा ओढा तर उन्हाळ्याच्या तोंडाशीं आटतो. मग हा सिद्धांत आम्हांस कसा लागू पडावा, अशी शंका कोणी घेईल. ती रास्त आहे. होरोनाईचे ४४ आणि २६ हे आंकडे आपल्या ओढ्याला जसेच्या तसे लावतां येणार नाहींत. परंतु पाला कुजण्याची, प्राणवायु मावण्याची आणि कीटकाला पंख फुटण्याची क्रिया सर्वत्र एकाच नियमानें चालते. शिवाय उष्ण प्रदेशांतील पुष्कळ जीव आपल्या सहनशक्तीच्या वरच्या मर्यादेजवळच राहत असतात. थंड देशांतील किड्याला दोन अंश वाढ कदाचित् मानवेलही. आपल्याकडील जिवाला तेवढी जागाच उरलेली नसते. ज्या ओढ्यांत फाल्गुनानंतर चारच डोह उरतात त्या ओढ्याचें सारें भांडवल त्या चार डोहांत असतें. पुढील पावसाळ्यांत खेकडे, मासे, झिंगे पुन्हां पसरावयाचे ते तेथूनच. म्हणून तेथील पाणी थंड राहणें हें आपल्याकडे थंड मुलखापेक्षांही अधिक महत्त्वाचें आहे.

५. पट्ट्याचा हिशेब

वरील पांचही वाटांवर एकट्या शेतकऱ्याचा इलाज कोणता? जगाचें तापमान कमी करणें त्याच्या हातीं नाहीं. परंतु आपल्या शिवारांतील पाण्यावर पडणारें ऊन कमी करणें त्याच्या हातीं आहे. कांठावर झाडें असलेल्या ओढ्याचें ऐन दुपारचें तापमान उघड्या ओढ्यापेक्षां कांहीं अंशांनीं कमी राहतें, असें अनेक देशांतील मोजणींत दिसून आलें आहे. तीच झाडें पाला देतात, किडे देतात, मुळांनीं कांठ धरून ठेवतात, पुराचा वेग मोडतात. आणि त्यांच्याखालचें गवत शेतांतून येणारी माती व खत गाळून घेतें. पांचही वाटांवर थोडाबहुत पहारा ठेवणारा असा दुसरा स्वस्त उपाय आम्हांस ठाऊक नाहीं.

त्याची किंमत मात्र लपवून ठेवूं नये. मोजणीची जुनी सांखळी ३३ फुटांची. एक सांखळी लांब व एक सांखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा. समजा, ५ एकरांच्या शेताला ३३० फूट, म्हणजे दहा सांखळ्या, ओढ्याचा कांठ आहे. त्यावर अर्धी सांखळी, म्हणजे साडेसोळा फूट, रुंदीचा पट्टा राखला तर ५ गुंठे जातात. ५ एकरांचे गुंठे २०० होतात. तेव्हां हा भाग शेंकडा अडीच झाला. त्यांतील बराचसा पोटखराब्यांत असावयाचाच. आतां दुसरी बाजू पाहा. एका पुरानें याच उघड्या कांठाची तीन फूट जमीन कापली, तर ९९० चौरस फूट, म्हणजे जवळजवळ एक गुंठा जमीन गेली. असे सहा पूर आले तर पट्ट्याएवढी जमीन पाण्याबरोबर जाते आणि ती परत येत नाहीं. उताऱ्यावरील क्षेत्र तेवढें कायम राहतें. पट्ट्याच्या रूपानें ठेवलेली जमीन निदान आपल्या नांवावर आणि आपल्या गांवांत राहते.

झाडांच्या सांवलीखालीं पीक मागें राहतें, पांखरें दाणे खातात, आणि दाट झुडपांत रानडुकरें दडतात, हे तीन आक्षेप शेतकरी नेहमीं घेतात. ते खोटे नाहींत. म्हणून पट्टा म्हणजे माजलेलें काटवण असूं नये. पाण्यालगत उंच झाडें, त्यांच्यामागें गवत, आणि झुडपें विरळ, अशी त्याची रचना असावी. झाडाच्या खालच्या फांद्या शेताच्या बाजूनें छाटाव्या, पाण्याच्या बाजूच्या तशाच ठेवाव्या. पिकाचा थोडासा तोटा तरीही होईल. तो वर दाखविलेल्या हिशेबांत खर्चाच्या बाजूस मांडूनच शेतकऱ्यानें निर्णय करावा.

६. काय करावें

(१) पोटखराब्याचे 'अ' आणि 'ब' असे दोन वर्ग आहेत. ओढा, तळें, रस्ता अशा सार्वजनिक कामासाठीं राखलेली जागा 'ब' वर्गांत येते. तेथें नांगर घालण्याचा प्रश्नच नाहीं. 'अ' वर्गाची जागा शेतकरी आपल्या श्रमानें लागवडीस आणूं शकतो. त्यांतील ओढ्याकांठची जागा तरी आणूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.

(२) ज्यांचा कांठ उघडा झाला आहे त्यांनीं पावसाळ्याच्या आरंभीं करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन, वाळुंज, बांबू, यांपैकीं आपल्या भागांत आपोआप वाढणारीं झाडें लावावीं. धुपणाऱ्या उतारावर निर्गुडी आणि वाळा लावावा. वाळ्याचीं मुळें खोल जाऊन माती धरतात. चारा, सरपण व बांबू एवढें उत्पन्न अशा पट्ट्यांतून मिळूं शकतें.

(३) झाडें कोणत्या बाजूस लावावीं याचाही विचार करावा. दक्षिणोत्तर वाहणाऱ्या ओढ्याच्या पश्चिम कांठावरील झाडें दुपारनंतरचें कडक ऊन अडवितात. प्रथम ती बाजू घ्यावी. चैत्र-वैशाखांत मध्यान्हीं सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्या वेळीं पाण्यावर झुकणाऱ्या फांद्यांचाच उपयोग होतो. करंज व उंबर यासाठीं चांगले.

(४) डोह राखावे. ओढ्याचें खोलीकरण होत असेल तर सर्व पात्र एकसारखें सपाट व सरळ करूं देऊं नये. जुने डोह, मोठे दगड आणि निदान एका कांठावरचीं झाडें राहूं द्यावीं, असा आग्रह गांवकऱ्यांनीं काम सुरू होण्यापूर्वींच धरावा. उन्हाळ्यांत शेवटच्या डोहांतील पाणी पंपानें पुरतें उपसून घेऊं नये.

(५) कांठचा पाला जाळूं नये. फवारणीचें यंत्र किंवा औषधाचीं भांडीं ओढ्यांत धुऊं नयेत. पाऊस येण्याची लक्षणें असतां खत टाकूं नये. तें पिकास न मिळतां ओढ्यास मिळतें.

(६) पहिल्या पुरांत चढणीचे मासे अंड्यांनीं भरलेले असतात. ते सर्वच धरले तर पुढील वर्षीं धरावयास कांहीं उरणार नाहीं. निदान पहिले कांहीं दिवस वाट मोकळी ठेवावी.

(७) शेवटची सूचना नोंदीची. आपल्या भागांतील ओढ्यांचे आंकडे आपणच गोळा केले पाहिजेत. ब्राइटेनबाखचें ज्ञान कोणा मोठ्या यंत्रानें मिळालें नाहीं. तें वर्षानुवर्षें न चुकतां ठेवलेल्या नोंदींनीं मिळालें. एक साधा उष्णतामापक व एक वही इतकें साहित्य पुरे. ओढ्याच्या सांवलींतील एक डोह व उघडा एक डोह निवडावा. दर पंधरवड्यास एकदां सूर्योदयाच्या वेळीं व एकदां दुपारीं तीनच्या सुमारास, पाण्याखालीं वीतभर खोलीवर, दोन्हीं ठिकाणचें तापमान लिहावें. त्याच वहींत मृगाच्या सुमारास बेडूक प्रथम कोणत्या दिवशीं ओरडले, चतुर प्रथम केव्हां दिसले, मासे केव्हां चढले आणि ओढा वाहण्याचा केव्हां थांबला, या चार तारखा दरवर्षीं टिपाव्या. शाळेंत जाणारा मुलगा किंवा मुलगी हें काम आनंदानें करील.

एका वर्षाच्या नोंदीवरून कांहीं सिद्ध होत नाहीं. परंतु पांच-सात गांवांच्या दहा वर्षांच्या वह्या एकत्र झाल्या म्हणजे सांवलीचा डोह व उघडा डोह यांतील अंतर, आणि बेडकांच्या व चतुरांच्या तारखा कोणत्या दिशेनें सरकत आहेत तें, कोणालाही वाचतां येईल. ज्या सभासदांच्या जमिनी ओढ्यालगत आहेत त्यांनीं येत्या पावसाळ्यापासून हें काम हातीं घ्यावें, आणि वर्षअखेर आपल्या वहीची नक्कल मासिकाकडे पाठवावी, अशी आमची त्यांस विनंति आहे.